मेथोट्रेक्सेट बंद करून हळदीच्या कॅप्सूल आणि गुळवेल दिली तर चालेल का?

चिकोडी तालुक्यातल्या एका मुलानं विचारलंय. आई ५८ वर्षांची, चार वर्षं झाली आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिस. आठवड्यातनं एकदा त्यावरची मेथोट्रेक्सेटची गोळी घेते, सोबत फॉलिक ॲसिड. गोळीच्या दिवशी मळमळतंय, केस थोडे गळतात, म्हणून ती कंटाळलीय. मुलानं कुठंतरी वाचलं की हळदीतलं कुरक्युमिन मॅक्रोफेज नावाच्या पेशीतलं टीएनएफ हे सूज वाढवणारं रसायन बंद करतं, आणि हेच टीएनएफ बंद करायला मोठ्या हॉस्पिटलात महागडी इंजेक्शनं देतात. मग त्याचा हिशेब साधा आहे, गोळी सोडायची, कॅप्सूल सुरू करायची, सकाळी गुळवेलीचा काढा. शेवटी एक ओळ, "सर, आमची स्वतःची दीड एकर हळद आहे, तीच दळून दिली तर?"

आधी उत्तर सांगतो, कारण बरेच जण खालपर्यंत वाचत नाहीत. गोळी बंद करू नका. गुळवेलीचा काढा देऊ नका, सुरू केला असेल तर आजच थांबवा. कॅप्सूलचं खाली सविस्तर सांगतो. घरच्या हळदीचं अगदी शेवटी.

पण प्रश्न खुळा नाही बरं का. उलट ओपीडीत रोज "काहीतरी झाडपाल्याचं सांगा की ओ" एवढंच ऐकू येतंय, त्यात हा मुलगा निदान कुठल्या पेशीवर काय होतं ते वाचून आलाय. आणि त्यानं वाचलंय ते खोटं नाही. कुरक्युमिन टाकलं की मॅक्रोफेजमधनं टीएनएफ कमी निघतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, फार्माकॉलॉजीचं एमडी करताना दोन वर्षं याच कामात गेली माझी. नंतर प्रॅक्टिसला बसलो त्याला आता चोवीस वर्षं झाली. त्यामुळं डिशमधली पेशी पण बघितलीय आणि चिकोडी-निपाणीच्या आज्जींचे गुडघे पण बघितलेत, आणि या दोघांमधलं अंतर लई मोठं आहे, सगळा घोटाळा तिथंच होतो.

मॅक्रोफेज म्हणजे काय ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायचं तर ऊसतोडीचा मुकादम. स्वतः पण कोयता चालवतो, पण त्याचं खरं काम फोन करून टोळ्या बोलवायचं. जखम झाली, जंतू शिरला, की हा मुकादम फोन लावतो, ते फोन म्हणजे टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ वगैरे. मग न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या टोळ्या येतात, टी-पेशी येतात, रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी साठतं, भाग गरम होतो, सुजतो, दुखतो. काम झालं की टोळ्या परत. आमवातात गंमत अशी की कारखान्याचा पट्टा पडला, फडात ऊस नाही, तरी मुकादम फोन करतच राहतो, आणि आलेल्या टोळ्या काय करणार, समोर दिसंल ते तोडतात. आधी सांध्याचं अस्तर जाड होतं, मग कूर्चा जाते, मग हाड कुरतडलं जातं. आणि हाड एकदा कुरतडलं की ते परत भरून येत नाही, हे डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

पेशीच्या आत हा फोन लागतो कसा, तर एनएफ-कॅप्पा-बी नावाचं एक प्रोटीन आहे, १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते शोधलं. एरवी हे पेशीत बांधून ठेवलेलं असतं. बाहेरनं इशारा आला की दावं सुटतं, ते केंद्रकात जातं आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ यांची जनुकं चालू करतं. वनस्पतींतली बरीच रसायनं हे दावं सुटू देत नाहीत. कुरक्युमिन त्यातलंच. कालमेघातलं, म्हणजे ओल्या किराईतातलं अँड्रोग्राफोलाइड तर थेट एनएफ-कॅप्पा-बीलाच जाऊन चिकटतं, आपले कन्नड पेशंट त्याला नेलबेवू म्हणतात, जमिनीवरचा कडुलिंब, आणि कडू तर असा की एकदा चाखला की दिवसभर तोंड वाकडं. सालईचा डिंक दुसऱ्या रस्त्यानं जातो, त्यातली बॉस्वेलिक ॲसिडं फाइव्ह-लायपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम अडवतात, म्हणून सूज वाढवणारी ल्युकोट्राइन कमी होतात. म्हणजे झाडपाल्यात काही नाही असं म्हणणारा डॉक्टर पण अर्धाच शिकलेला. ॲस्पिरिनचं मूळ विलोच्या सालीत आहे, १८९७ साली बायर कंपनीत ते तयार झालं आणि ते काम कसं करतं हे कळायला १९७१ उजाडलं, जॉन व्हेन यांना त्याबद्दल १९८२ चं नोबेल मिळालं.

आता डिशमधला प्रयोग प्रत्यक्षात कसा होतो ते सांगतो, कारण "लॅबमध्ये सिद्ध झालंय" हे वाक्य ऐकलं की लोकांना वाटतं माणसावर सिद्ध झालंय. उंदराच्या ट्युमरमधनं काढलेल्या मॅक्रोफेजच्या पेशी असतात, त्यांना रॉ २६४.७ म्हणतात, जगभर याच वापरतात कारण त्या गवतासारख्या वाढतात. प्लास्टिकच्या ताटलीत लहान लहान खड्डे, त्यात या पेशी. मग ई. कोलाय जंतूच्या कवचातलं एलपीएस टाकायचं, पेशी पिसाळतात, टीएनएफ आणि नायट्रिक ऑक्साइड सोडायला लागतात. त्याआधी तुम्ही तुमचा अर्क टाकलेला असतो. चोवीस तासांनी वरचं पाणी काढून मोजायचं. नायट्रिक ऑक्साइड जास्त असेल तर ग्रीस रिएजंट गुलाबी होतो, कमी असेल तर फिका. अर्क टाकलेल्या खड्ड्यांत रंग फिका आला की विद्यार्थी नाचतो.

मी पण नाचलो होतो. एका झुडपाच्या पानांचा अर्क होता, नाव सांगत नाही, टीएनएफ जवळजवळ शून्यावर. गाईडला दाखवायला पळत गेलो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "पेशी जिवंत आहेत का?" एमटीटी टेस्ट केली तर सगळ्या मेलेल्या. मेलेला मुकादम फोन कुठला करतोय. त्या दिवसापासनं "९० टक्के सूज कमी" असली वाक्यं वाचली की मी आधी पेशींची अवस्था शोधतो, आणि तुम्हाला आश्चर्य वाटंल, पण बऱ्याच पेपरांत ती नीट दिलेलीच नसते.

कुरक्युमिनची आणखी भानगड म्हणजे ते स्वतः पिवळं, त्यात प्रकाश पाडला की चमकणारं. आणि अशा बऱ्याच टेस्ट रंगावर किंवा चमकण्यावर चालतात. म्हणजे औषधानं पेशी बदलली का औषधाच्या रंगानं मशीन फसलं हे वेगळं करावं लागतं. शिवाय ते समोर येईल त्या प्रोटीनला चिकटतं. २०१७ साली अमेरिकेतल्या औषधी-रसायनशास्त्राच्या लोकांनी यावर एक मोठा आढावा लिहिला आणि सरळ म्हटलं की हा रेणू टेस्टना फसवणारा आहे, टिकत नाही, आणि शोषलाही जात नाही. शरीराचा जो पीएच असतो, ७.४ च्या आसपास, त्यात नुसत्या बफरमध्ये ठेवलं तर अर्ध्या तासात ९० टक्के विघटन होतं. प्रोटीन सोबत असलं तर जरा जास्त टिकतं, एवढाच दिलासा.

आता खरा हिशेब, हा नीट वाचा. डिशमध्ये साधारण १० मायक्रोमोलर कुरक्युमिन वापरतात. वजनात बोलायचं तर एका लिटरला सुमारे ३.७ मिलिग्रॅम. आपल्या हळदीच्या पुडीत कुरक्युमिन साधारण ३ टक्के. म्हणजे चहाचा एक चमचा भरून, ३ ग्रॅम हळद आईनं दुधातनं घेतली तर ९० मिलिग्रॅम पोटात गेलं. त्यातलं बरंचसं शोषलंच जात नाही, जे जातं त्याला आतड्याची भिंत आणि लिव्हर लगेच ग्लुकुरोनाइडची आणि सल्फेटची शेपटी लावून लघवीच्या, पित्ताच्या वाटेला लावतात. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या लोकांनी १९९८ साली निरोगी माणसांना एकदम २ ग्रॅम शुद्ध कुरक्युमिन दिलं, आणि २ ग्रॅम म्हणजे साधारण ६५ ग्रॅम हळद झाली, वाटीभर, तरी रक्तात जवळजवळ काही सापडलं नाही. मग सोबत २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं, मिरीतलं, तर शोषण वीसपट वाढलं. कॅप्सूलच्या डब्यावर "२००० टक्के जास्त शोषण" लिहिलेलं असतं ना, ते इथनं आलं. खोटं नाही ते. पण शून्याच्या जवळच्या आकड्याची वीसपट किती होणार? त्या वीसपटीनंतरही रक्तातला सगळ्यात वरचा आकडा लिटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम होता, डिशमधल्या आकड्याच्या विसाव्या हिश्शाइतका, आणि तोही थोड्या वेळापुरताच. मुकादमापर्यंत माल पोचतच नाही, मग तो फोन कशाला थांबवंल.

इथं एक जण हमखास म्हणणार, "मग सर, पोटात तर भरपूर राहतंय की." बरोबर आहे, आणि मला तर यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. शोषलं जात नाही म्हणजे आतड्यातच राहतं, आणि आतड्याच्या अस्तरात शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा मुक्काम असतो. म्हणून अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात त्या आजारात, कुरक्युमिनचे निकाल खरंच बरे आलेत. जपानमध्ये २००६ साली ८९ पेशंटना नेहमीच्या औषधासोबत रोज २ ग्रॅम दिलं तर आजार उलटायचं प्रमाण कमी झालं. २०१५ साली ५० पेशंटवर मेसालामाइन या नेहमीच्या औषधासोबत रोज ३ ग्रॅम दिलं, महिन्याभरात कुरक्युमिन घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोकांचा आजार शांत झाला, दुसऱ्या गटात कुणाचाच नाही. लहान अभ्यास आहेत, पण दिशा समजते. जिथं औषध पेशीला भेटतं तिथं काम दिसतं. गुडघा आणि बोटांचे सांधे आतड्यापासनं लांब आहेत, एवढाच काय तो फरक. आणि बघा, या दोन्ही अभ्यासांत कुरक्युमिन नेहमीच्या औषधासोबत दिलंय, औषध बंद करून नाही.

सांध्याचं काय? केरळमध्ये २०१२ साली आमवाताच्या ४५ पेशंटवर एक अभ्यास झाला, तीन गट, एकाला कुरक्युमिन, एकाला डायक्लोफिनॅक, एकाला दोन्ही, आठ आठवडे. कुरक्युमिनवाले बरे निघाले. हा अभ्यास व्हॉट्सॲपवर लई फिरतोय, "हळदीनं पेनकिलरला हरवलं" म्हणून. खोटी, म्हणजे औषधच नसलेली, गोळी दिलेला गट त्यात नव्हता, तीन गटांत मिळून ४५ माणसं, हे एक. पण त्याहून मोठी गोष्ट कुणी बोलत नाही, डायक्लोफिनॅक हे आमवाताचं औषधच नाही. ते दुखणं झाकतं, हाड कुरतडणं थांबवत नाही. हाड वाचवण्यासाठी मेथोट्रेक्सेट आहे. तुमच्या आईची तुलना डायक्लोफिनॅकशी नाही, मेथोट्रेक्सेटशी करायची आहे, आणि त्या सामन्यात हळद अजून मैदानात उतरलेलीच नाही.

साध्या झिजेच्या गुडघेदुखीचं वेगळं. ऑस्ट्रेलियात टास्मानियाला ७० जणांवर १२ आठवडे हळदीचा अर्क विरुद्ध खोटी गोळी असा चांगला अभ्यास झाला, २०२० साली छापून आला. दुखणं थोडं कमी झालं, शंभराच्या पट्टीवर खोट्या गोळीपेक्षा ९ मिलिमीटरनं जास्त. पण एमआरआयमध्ये सांध्यातली सूज आणि पाणी मोजलं, त्यात काहीही फरक नाही. माणसाला बरं वाटलं आणि आतली सूज जिथल्या तिथं. झिजेच्या गुडघ्यात हे चालतं ओ, बरं वाटणं हेच तिथं हवंय, म्हणून माझ्याकडचा झिजेचा पेशंट कॅप्सूल घेतो म्हणाला तर मी फारसा भांडत नाही. आमवातात बरं वाटलं आणि आतलं काम चालूच राहिलं तर वर्षा-दोन वर्षांत बोटं वाकडी होतात, आणि तोवर घरचे म्हणत असतात, हळदीनं फरक पडला होता.

आता गुळवेल. कन्नडमध्ये अमृतबळ्ळी, नावातच अमृत आहे म्हटल्यावर कोण ऐकणार आमचं. कोरोनात आपल्या भागात कुंपणावरच्या वेली लोकांनी बोडक्या करून टाकल्या होत्या. पण विचार करा, गुळवेलीची ख्याती काय? इम्युनिटी वाढवते. गुळवेलीतल्या काही पॉलिसॅकराइडच्या प्रयोगांत मॅक्रोफेज खरोखरच जागे होतात. आणि आईचा आजार काय आहे, इम्युनिटी कमी पडल्याचा का चुकीच्या जागी जास्त झाल्याचा? जो मुकादम झोपायचं नाव घेत नाही त्याला आणखी चहा पाजायचा? २०२१ साली मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणारे ६ पेशंट नोंदवले, लिव्हरला ऑटोइम्यून पद्धतीची सूज आलेले. आयुष मंत्रालयानं तेव्हा आक्षेप घेतला की ही दुसऱ्या जातीची वेल असू शकते. मग २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतले ४३ पेशंट एकत्र करून छापलं. त्यात मूळचे ऑटोइम्यून आजार असलेले, थायरॉइडवाले पण होते. आता यात मेथोट्रेक्सेटची भर घाला, जे स्वतःच लिव्हरवर लक्ष ठेवून द्यावं लागतं. एन्झाइम वाढली तर डॉक्टर दोष कुणाला देणार? मेथोट्रेक्सेटला. बंद होणार कोण? मेथोट्रेक्सेट. काढ्याचं कुणी सांगतच नाही, कारण तो औषधात धरत नाहीत आपल्यात.

हळदीच्या कॅप्सूलचं पण लिव्हरशी नातं आहे. अमेरिकेत लिव्हरच्या इजांची एक नोंदवही चालते, त्यात हळदीच्या कॅप्सूलमुळे त्रास झालेले १० पेशंट तपासले, १० पैकी ७ जणांत एकच विशिष्ट जनुक-खूण सापडली, एचएलए-बी ३५:०१. म्हणजे सगळ्यांना होत नाही, ज्याच्या नशिबी ती खूण आहे त्याला होऊ शकतं. आणि पिपरिन घातलेल्या कॅप्सूलमध्ये तेच पिपरिन लिव्हरमधली औषध मोडणारी एन्झाइमं पण अडवतं, फिटची फेनिटॉइन असेल, दम्याची थिओफिलिन असेल, बीपीची प्रोप्रॅनोलॉल असेल, यांची रक्तातली पातळी वाढल्याचं माणसांवर दिसलंय. जेवणातली मिरी आणि कॅप्सूलमधलं शुद्ध पिपरिन यात घोळ करू नका.

आता कुणी म्हणंल डॉक्टर झाडपाल्याच्या विरोधात आहे. नाही ओ. पेशीवर खरंच काम करणारी वनस्पती बघायची तर पावसाळ्यात खानापूरकडं जावा, जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला कळलावी फुललेली दिसंल, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल, गौरीला वाहतात ते. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन आहे. हे न्यूट्रोफिलच्या आतला सांगाडा, मायक्रोट्यूब्यूल, मोडतं, म्हणून टोळीला सांध्यापर्यंत चालतच येता येत नाही, वर इन्फ्लामासोम नावाची सूज पेटवणारी यंत्रणा पण थंडावते. गाऊटमध्ये, म्हणजे युरिक ॲसिडच्या सांधेदुखीत, अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीनं फरक पडतो. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं हेच अर्धा मिलिग्रॅम हृदयविकाराचे झटके कमी करायला मंजूर केलं. रक्तात याची पातळी कुरक्युमिनच्या प्रयोगांपेक्षा हजारो पटींनी कमी असते, तरी चालतं, कारण ते पांढऱ्या पेशींच्या आत जाऊन साठतं. माल मुकादमाच्या घरात पोचतो म्हणा की. पण हीच गोष्ट त्याचा दोष पण आहे, डोस थोडा चुकला की जुलाब, अजून चुकला की अस्थिमज्जा बसते आणि माणूस जातो. कळलावीचा कंद खाऊन आलेले पेशंट मी दोन बघितलेत, एक वाचला. जी वनस्पती पेशीवर खरोखर परिणाम करते ती "नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही" या वाक्यात बसत नाही. दोन्ही एकाच वेळी मिळत नसतंय.

आणि निपाणीवाल्यांसाठी एक खास गंमत. तंबाखूतलं निकोटिन मॅक्रोफेजवर थेट बसतं, अल्फा-७ नावाच्या रिसेप्टरवर, आणि टीएनएफ कमी करतं, हे २००३ साली सिद्ध झालंय. अल्सरेटिव्ह कोलायटिस सिगारेट ओढणाऱ्यांत कमी दिसतो, हेही खरं. मग काय, सूज कमी करायला मिश्री लावायची का? आमवात तर बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त होतो आणि औषधाला कमी दाद देतो. डिशमधल्या एका निकालावरनं आयुष्याचा निर्णय घ्यायचा म्हटलं तर निपाणीचा तंबाखू हळदीच्या आधी नंबर लावंल. तुमच्या आई मिश्री लावत असतील तर ती मात्र खरंच सोडवा.

बिब्ब्याचं पण सांगून टाकतो कारण आमवाताच्या पेशंटना कुणी ना कुणी ते सुचवतंच. बिब्ब्याच्या तेलातली रसायनं कातडीतल्या टी-पेशींना भडकवतात, एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याचा गुडघा फोडांनी भरतो. एक मावशी आल्या होत्या हुक्केरीकडनं, गुडघ्यावर बिब्बा फासून, आठ दिवस पाय वाकवता येईना. निर्गुंडीचा पाला गरम करून शेक घ्या, कन्नडमध्ये लक्की म्हणतात तो, त्याला माझी ना नाही. संकेश्वरी मिरचीत जे तिखट असतं, कॅप्सेसिन, त्याचं मलम पण मिळतं, ते नसेवर काम करतं, पेशीवर नाही, झिजेच्या गुडघ्याला बरं वाटतं. मिरची वाटून लावू नका म्हणजे झालं, ती पण माणसं येतात.

सगळ्यात जास्त भीती मला पुडीची वाटते. बाजारच्या दिवशी कुणीतरी बसतो, "जंगलातली जडीबुटी", राखाडी पूड, सकाळ-संध्याकाळ मधातनं. पाच-सात दिवसांत आज्जी जिना चढायला लागते. वर सांगितलेला सगळा हिशेब आठवा आणि सांगा, कुठला पाला पाच दिवसांत असं करतो? बहुतेक वेळा आत स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड मुकादमाचा फोनच जप्त करतं, म्हणून लगेच बरं वाटतं. माझी एक पेशंट, रायबाग भागातली, सहा महिने अशी पुडी खाऊन आली, चेहरा गोल, हातावर निळे डाग, साखर ३०० च्या वर. घरच्यांनी घाबरून पुडी एकदम बंद केली, तर तिसऱ्या दिवशी बीपी कोसळून ॲडमिट, कारण शरीरानं स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं सोडून दिलं होतं. तुमच्या आईला कुणी अशी पुडी दिली असेल तर आधी मला किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा, मग हळूहळू कमी करायची, एकदम नाही.

मळमळीचं आणि केसांचं बोलू, कारण आईचा खरा त्रास तो आहे आणि त्याला उपाय आहेत. गोळी रात्री जेवून घेऊन झोपायचं. फॉलिक ॲसिडचा डोस वाढवता येतो. तरी जमलं नाही तर हेच औषध इंजेक्शनमधनं कातडीखाली देतात, पोटाचा त्रास बऱ्याच जणांत कमी होतो. ते पण सोसलं नाही तर दुसरी औषधं आहेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कदाचित आधीच चालू असेल, आणि झाडाची ओढ असलीच तर ऐका, त्याचं घराणं सिंकोनाच्या सालीतल्या कुनैनच्या शोधातनं पुढं आलेलं आहे. आणि एक गोष्ट आज घरी जाऊन तपासा, मेथोट्रेक्सेट आठवड्यातनं एकदाच जाते ना? रोज घेतलेले पेशंट दरवर्षी एखादा तरी येतो, तोंड सगळं सोललेलं, पांढऱ्या पेशी तळाला. वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, मराठीत, कन्नडमध्ये, ज्यात आई वाचते त्यात.

कॅप्सूल आईला द्यायचीच असं घरात ठरलं असेल, मामा-मावशी ऐकत नसतील, तर निदान पिपरिन नसलेली घ्या, गोळी चालू ठेवूनच घ्या, डॉक्टरांना डबा दाखवा, आणि चार-सहा आठवड्यांनी लिव्हरची टेस्ट करा. लघवी गडद, अंगाला खाज, डोळे पिवळे, जेवण नको वाटणं, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी बंद. पित्ताशयात खडे असतील, रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल, किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर सुरूच करू नका. फायदा झाला का हे "बरं वाटतंय" वरनं नाही, ईएसआर-सीआरपी या सूज मोजायच्या रक्ताच्या टेस्टवरनं आणि डॉक्टरांनी सांधे दाबून मोजलेल्या सुजेवरनं ठरवा.

आणि संशोधन होऊ नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. आपल्या बेळगावातच नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे, खानापूरच्या जंगलात अजून कितीतरी झाडं आहेत ज्यांच्याकडं नीट कुणी बघितलेलं नाही. एखादं कोल्चिसिनसारखं निघंल पण. फक्त ते आईच्या पोटात जाण्याआधी कुणीतरी पेशी जिवंत आहेत का ते बघितलेलं असावं, अर्कात जंतूंचं एलपीएस मिसळलेलं नाही ना ते बघितलेलं असावं, कारण "इम्युनिटी वाढली" असे बरेच निकाल त्या घाणीचेच असतात, आणि रक्तात किती पोचतं ते मोजलेलं असावं.

आता तुमची दीड एकर. द्या की, बिनधास्त द्या. आमटीत, भाजीत, फोडणीत, रात्री दुधात चिमूटभर, रोजच्या जेवणातल्या हळदीनं मेथोट्रेक्सेटला काही होत नाही. फक्त ती औषध म्हणून चमच्या-चमच्यानं मोजून देऊ नका. घरची हळकुंडं शिजवून, वाळवून, ओळखीच्या गिरणीत दळून आणलेली असेल तर उलट माझ्या विकतच्या पुडीपेक्षा चांगली, कारण हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट चोळायचा धंदा काही ठिकाणी चालतो, बांगलादेशात २०१९ च्या अभ्यासात ते नीट पकडलं गेलं होतं, आणि शिसं अंगात साठतं. तुमची जरा मळकट दिसली तरी चालंल. पुढच्या वेळी रिपोर्ट घेऊन याल तेव्हा आईला सोबत आणा, आणि त्या कॅप्सूलचा डबा, काढ्याची वेल, कुणी पुडी दिली असेल तर पुडी, सगळं एका पिशवीत घालून आणा. अर्धा किलो हळद आणलीत तरी चालंल, पैसे घ्यावे लागतील मात्र.